फरशीवरचे काळे ठिपके आणि चढती सुई

प्रताप नगर, नागपूर येथील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. त्या लिहितात :

"आमच्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. पोर्चमधल्या फरशीवर रोज सकाळी काळे ठिपके दिसतात. पुसून पुसून कंटाळले. उन्हाळ्यात वर्धा रोडने बुटीबोरीकडे निघालं, की तापमानाची सुई चढायला लागते. गॅरेजमध्ये दाखवली, तर 'इंजिन उघडावं लागेल' म्हणाले आणि आकडा असा सांगितला की तेवढ्यात दुसरी जुनी गाडी येईल. ही गाडी ह्यांनी हौसेने घेतली होती. ते गेल्याला तीन वर्षं झाली. सासूबाईंना दवाखान्यात न्यायला-आणायला तीच उपयोगी पडते. मला चालवता येते, पण बॉनेटखालचं काही कळत नाही. दुरुस्त करू की विकून टाकू?"

भगिनी, विकण्याची घाई नको आणि इंजिन उघडण्याचीही नको. पोटात दुखते म्हणून गेलेल्या माणसाला कुणी न तपासता ऑपरेशनच्या टेबलावर घेत नाही. गाडीचेही तसेच आहे. तेल नेमके कुठून येते आणि गाडी नेमकी केव्हा तापते, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी काढायची. त्याला हत्यारे लागत नाहीत. जुने वर्तमानपत्र, टॉर्च, टाल्कम पावडरचा डबा आणि चार दिवसांची सवड एवढे पुरे.

हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. पहिली मारुती ८०० दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ८०० दहा वर्षांहून जुनी आहे. कुणाच्या अंगणात त्याहून जुनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनीही जपलेली असेल. या वयात इंजिनातले रबर कडक होते, रॅडिएटरच्या नळ्यांत थर बसतो. त्यात नागपूरचा उन्हाळा! २३ मे २०१३ रोजी तिथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा हवेत गाडीचे लपलेले दुखणेही वर येते.

आधी ठिपका वाचा

रात्री गाडी रोजच्या जागी उभी केली, की तिच्याखाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राचे मोठे पान पसरा. पुढच्या चाकांची जागा पेन्सिलीने आखून ठेवा. सकाळी ठिपका कुठे पडला, किती मोठा आहे आणि कसला आहे, हे तीन दिवस पाहा. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर गॅरेजमध्ये दाखवायला बरा.

काळपट-तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारे ते इंजिन ऑइल. त्याहून दाट आणि उग्र, गंधकासारखा वास येणारे ते गिअरबॉक्सचे तेल. हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी, पाण्यासारखे पातळ पण सुकल्यावर चिकट राहणारे आणि किंचित गोडसर वासाचे ते कूलंट. एसी लावून आल्यावर पडलेले स्वच्छ पाणी असेल तर निश्चिंत राहा, ते बाहेरच पडायला हवे.

दोन ठिपके मात्र धोक्याचे. फिकट पिवळसर, पातळ आणि बुळबुळीत द्रव चाकाजवळ दिसला, तर तो ब्रेक ऑइलचा समजावा आणि गाडी हलवू नये. पेट्रोलचा वास आला तर चावीही लावू नये. मेकॅनिकला घरी बोलवावे.

आणि हो, कूलंटला गोडसर चव असते. त्यातले ग्लायकॉल विषारी असते. मांजर, कुत्रा किंवा रांगते मूल त्याकडे ओढले जाते. तेव्हा सांडलेले लगेच पुसा आणि भरपूर पाण्याने जागा धुवा. उरलेले कूलंट सरबताच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका.

तेल येते कुठून?

ठिपका जिथे पडतो तिथूनच तेल गळते असे नाही. गच्चीवरची गळती भिंतीतून उतरत उतरत भलत्याच खोलीत ओल दाखवते ना, तसेच हे. तेल वरून खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जाते. म्हणून टॉर्च घेऊन सर्वांत वरची ओली जागा शोधायची. तिच्याखालचे सारे ओघळ हा नुसता पसारा!

वर्षानुवर्षांची काळी चिकटी बसलेली असेल तर काही दिसणार नाही. इंजिन पूर्ण थंड असताना जुन्या ब्रशने थोडे डिझेल लावून ती चिकटी काढा आणि फडक्याने कोरडी करा. विजेच्या जोडण्यांवर आधी प्लॅस्टिकची पिशवी बांधा. डिझेलचा वास पुरता जाईपर्यंत गाडी सुरू करू नका. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि वीस-पंचवीस किलोमीटर फिरून या. पांढऱ्या पावडरवर ओला काळा ओघळ जिथून सुरू झालेला दिसेल, तिथे चोर सापडला.

आता चोर कोण कोण असतात, ते स्वस्तापासून महागाकडे पाहू. तेल काढण्याच्या बुचाखालची वायसर झिजलेली असते. ऑइल फिल्टर सैल असतो, किंवा नवा बसवताना जुन्याची रबरी रिंग तिथेच चिकटून राहिलेली असते. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग कडक झालेले असते. जुन्या गाड्यांत हे फारच आढळते, आणि तेल गरम भागावर पडून जळल्याचा वास गाडीत येतो. तेलाच्या दाबाचा स्विच पाझरतो. खाली चेंबरचे पॅकिंग गळते. इथपर्यंतची कामे इंजिन न उघडता होतात.

त्यापुढे ऑइल सील. पट्ट्याच्या बाजूचे सील बदलायला पट्टा आणि पुली काढावी लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडातून तेल ठिबकत असेल, तर मागच्या सीलचा संशय घ्यावा. ते सील महाग नसते, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरी वाढते. क्लचवर तेल गेले तर गाडी चढावर ओढत नाही, नुसती ओरडते.

एक जागा पुष्कळदा कुणी पाहतच नाही. इंजिनातली वाफ आणि धूर बाहेर नेणारी एक रबरी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. कुकरची शिट्टी तुंबली की वाफ रिंगमधून निघते, तसे. तेल एकाच वेळी चार जागांहून येताना दिसले, तर चार सील बदलण्याआधी ही नळी साफ करायला सांगा.

तेलाची पातळी दर रविवारी पाहावी. गाडी सपाट जागी हवी आणि बंद करून दहा मिनिटे झालेली हवीत. कांडी काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग वाचा. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. वरच्या खुणेच्या वर भरू नये, जास्त तेलानेही गळती वाढते. गळते म्हणून मुद्दाम दाट तेल घालण्याचा सल्ला मिळाला, तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार दाखवा.

गाडी तापते कधी?

"गाडी तापते" एवढे सांगून भागत नाही. डॉक्टर विचारतात ना, ताप सकाळी येतो की संध्याकाळी? तसे इथेही विचारायचे.

सिग्नलला, गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर सुई खाली येते? मग पंख्याकडे पाहा. मारुती ८०० चा पंखा विजेवर चालतो. इंजिन तापले की तो आपोआप सुरू व्हायला हवा, आवाज स्पष्ट ऐकू येतो. तो येत नसेल तर फ्यूज, स्विच, वायर किंवा मोटर यांत दोष आहे. पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून तिथे पट्टा सैल आहे का ते बघावे.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. विजेचा पंखा गाडी बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो. बॉनेटखाली वाकताना पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली आणि वेणी बांधलेली असावी. धातूच्या बांगड्या आणि अंगठ्याही बॅटरीजवळ नकोत.

गावात ठीक असते, पण भरधाव रस्त्यावर किंवा चार माणसे बसवून चढावर तापते? पत्रलेखिकेच्या वर्धा रोडची कथा हीच दिसते. मग पहिला संशय रॅडिएटरवर. मोकळ्या रस्त्यावर वारा भरपूर लागतो, म्हणजे पंख्याचा दोष नव्हे. पाणीच पुरेसे फिरत नाही, किंवा फिरते पण निवत नाही.

नागपूरच्या बायकांना रॅडिएटर समजावून सांगायला नकोच. घरोघरी कूलर आहेत. बोअरचे पाणी वापरले, की दोन महिन्यांत कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो आणि हवा गार येईनाशी होते. रॅडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून तसाच थर बसतो. बाहेरून जाळीवर धूळ, किडे आणि एप्रिलमध्ये उडणारा सावरीचा कापूस अडकतो. तेल गळून जाळीवर उडाले असेल तर ही धूळ तिथे लिंपलीच जाते. बाहेरची जाळी इंजिनाच्या बाजूकडून साध्या धारेने धुवावी. जोराच्या धारेने पत्र्या वाकतात. आतली सफाई गॅरेजमध्ये करून घ्यावी.

दुसरा संशय थर्मोस्टॅटवर. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी आणि मग वाट मोकळी करणारी ही छोटीशी झडप असते. ती अर्धवट उघडली तर गाडी तापते. पुष्कळ ठिकाणी "आपल्याकडे ऊनच एवढं, हिची गरज काय?" म्हणून ती काढूनच टाकतात. हे चुकीचे आहे. तिच्याशिवाय इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते, पेट्रोल जास्त खाते आणि झीजही वाढते. काढलेली झडप स्वयंपाकातून बाद केलेल्या पातेल्यात, पाण्यात बुडवून गॅसवर ठेवा. पाण्याला उकळी फुटण्याच्या आधीच ती उघडायला हवी. मिटूनच राहिली तर नवी आणा.

तिसरा संशय पाण्याच्या पंपावर. मेकॅनिक त्याला वॉटर बॉडी म्हणतात. पट्ट्याच्या बाजूला, पंपाखालच्या बारीक छिद्रातून कूलंट झिरपल्याचे डाग दिसले किंवा घरघर ऐकू आली, तर पंपाचे आयुष्य संपत आले.

पाणी कमी होते, पण बाहेर कुठेच गळत नाही? आधी रॅडिएटरचे झाकण बदलून पाहा. हे झाकण म्हणजे कुकरचे वजन. ते पाणी दाबाखाली ठेवते, म्हणून शंभर अंशांना ते उकळत नाही. झाकणाची रिंग गेली की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळून बाहेर जाते. झाकणानेही फरक पडला नाही, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. थंड इंजिन सुरू करताच पाण्यात सतत बुडबुडे येतात, मागून दाट पांढरा गोडसर वासाचा धूर निघतो, किंवा कांडीवरचे तेल ताक मिसळल्यासारखे पांढुरके दिसते. यांतले काहीही दिसले तर गाडी चालवू नये. पावसाळ्यात किंवा थंडीत नुसत्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला आणि कांडीवरचे तेल स्वच्छ असले, तर मात्र घाबरू नका. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती वाफेची ओल असू शकते.

तेल आणि ताप, दोघी सख्ख्या जावा

या दोन तक्रारी वेगळ्या मानू नका. इंजिनाची बरीचशी उष्णता तेलही वाहून नेते. तेल कमी झाले की घर्षण वाढते आणि ताप चढतो. ताप चढला की पॅकिंग आणि सील कडक होऊन आणखी तेल गळते. म्हणून दोन्हींची तपासणी एकाच वेळी करा.

"आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?" असे विचारणाऱ्या बऱ्याच भेटतात. कूलंट गंज आणि थर रोखते आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवते. नागपुरात ते जास्तच हवे. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे ते बॅटरीच्या, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात मिसळावे. तयार मिसळलेले असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नये. आणि गळती बुजवायला रॅडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय कुणी सुचवला, तर हात जोडा. हळदीने भोक कदाचित बुजेल, पण चांगल्या नळ्याही बुजतील. हळद आमटीत शोभते.

रस्त्यात सुई चढली तर

एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण चालू करा आणि काचा उघडा. मे महिन्यात हे जिवावर येईल, पण इंजिनाची उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. दोन मिनिटांत सुई उतरली नाही किंवा लाल खुणेला टेकली, तर "घर जवळच आहे" म्हणू नका. गाडी कडेला घ्या आणि बंद करा. ॲल्युमिनियमचे हेड जास्त तापले की वाकते, आणि थोडक्यात भागणारे काम तिथे मोठे होते. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना गाडीतून उतरवून सावलीत बसवा, त्यांना पाणी द्या. बॉनेटमधून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत ते उघडू नका.

तापलेल्या रॅडिएटरचे झाकण कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून उघडू नका. उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर येते आणि चेहरा, डोळे भाजतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा जाड रबरी पाइप फडक्याने दाबून पाहा. तो निवालेला आणि मऊ लागला, तरच जाड फडके धरून झाकण आधी थोडे फिरवा, राहिलेला दाब जाऊ द्या आणि मग काढा. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. आणि सुई चढता चढता एकदम खाली पडली तर आनंदू नका. पाणीच उरले नसेल, तर सुईला खरा ताप कळत नाही.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

"गाडी बघा हो जरा" असे म्हणू नका. "टॅपेट कव्हरच्या कडेपासून ओघळ येतो, फोटो हे बघा. गर्दीत तापत नाही, ऐंशीच्या वेगात तापते. पंखा चालतो," असे सांगा. ऐकणाऱ्याचा सूर बदलतो, अनुभव घेऊन पाहा. इंजिन उघडण्याची भाषा निघाली, तर आधी रॅडिएटरची प्रेशर टेस्ट आणि इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. खर्चाचा अंदाज कागदावर घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये विचारायला संकोचू नका. प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या भागांत एकच गॅरेज नाही.

काढलेले जळके तेल गॅरेजमध्येच द्या. ते गटारात ओतू नका आणि वाळवी मारायला चौकटीला लावू नका. ते त्वचेला आणि मातीला दोन्हींना घातक आहे. फरशीवरच्या ताज्या डागावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका, तेल शोषू द्या, मग भांड्यांच्या साबणाने घासा. मळलेली फडकी घरच्या कपड्यांत धुऊ नका.

विकावी की ठेवावी?

आता पत्रलेखिकेच्या मूळ प्रश्नाकडे. कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरांत सारखे आणि चांगले आले, निळा धूर नाही, खालचा पत्रा गंजलेला नाही, आणि दोष पॅकिंग, झाकण, थर्मोस्टॅट किंवा रॅडिएटरचा निघाला, तर गाडी ठेवा. हे सारे वयाचे दुखणे आहे, मरणाचे नव्हे. निळा धूर सतत येतो, तेल न गळताही कांडी उतरते, इंजिनातून ठोके ऐकू येतात आणि पत्राही कुजला आहे, असे असेल तर खर्चाला अंत नाही. तेव्हा मन घट्ट करून निरोप द्या. मध्ये कागदांचाही विचार करा. १५ वर्षांनंतर आर.टी.ओ.मध्ये नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, ते पुढे पाच-पाच वर्षांचे असते, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी हे शुल्क २०२५ मध्ये वाढले आहे. तुमची गाडी वीस वर्षांपुढे गेली आहे, तेव्हा ती तारीखही आरसी बुकात पाहून घ्या.

ह्यांची आठवण म्हणून गाडी ठेवायची असेल तर जरूर ठेवा, तो तुमचा हक्क आहे. पण जिच्यात सासूबाईंना बसवून भर दुपारी दवाखान्यात जायचे, ती गाडी वाटेत थांबणार नाही याची खात्री त्या आठवणीच्याही आधी हवी. म्हणून आज रात्री पुठ्ठा अंथरा, सकाळी ठिपका पाहा, कांडी वाचा आणि थंड इंजिनावर पाण्याची पातळी बघा. चार दिवसांची टिपणे वहीत लिहून मगच गॅरेजची पायरी चढा.